जखमेवरचे सूत: नैसर्गिक द्रव्यांपासून बनवलेले जंतुरोधक नॅनोतंतूंचे ड्रेसिंग

जखमेवर बांधलेली सुती जाळी, म्हणजे वॉर्डात सगळेच जिला गॉज म्हणतात ती, बांधताना फारशी दुखत नाही; दुखते ती काढताना. जखमेतून पाझरलेली लस सुकून जाळीच्या छिद्रांत घट्ट होते, भरत आलेले कोवळे मांस धाग्यांत गुंतते आणि पट्टी ओढली की त्याचाही पापुद्रा सोबत निघतो. सलाइन टाकून भिजवली तरी रुग्ण कळवळतो, रक्त येते आणि जखम दोन पावले मागे जाते. जंतुरोधक नॅनोतंतूंच्या ड्रेसिंगचा विषय इथून सुरू होतो. जखमेला ओरबाडणार नाही, ओलावा राखेल, बाहेरच्या जंतूंना अडवेल, आतल्यांना वाढू देणार नाही आणि काम झाल्यावर तिथेच विरून जाईल, अशी पट्टी हवी आहे. ती रेशीम, सोयाबीन, कापूस, कोळंबीचे कवच, हळद अशा निसर्गातल्या द्रव्यांपासून करता येते, हे गेल्या तीन दशकांच्या संशोधनाने दाखवले आहे.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत या विषयाची दोन्ही टोके एकत्र येतात. एका टोकाला जखमा आहेत. ऊसतोडीत कोयता पायावर बसतो, मळणी यंत्रात हात जातो, चुलीवर किंवा स्टोव्हवर भाजते, रस्त्यावर दुचाकी घसरते. ‘शुगर’ असलेल्या माणसाच्या बधिर तळव्यात बाभळीचा काटा मोडतो आणि त्याला तो आठवडाभर कळतही नाही. कळतो तेव्हा जखम चिघळलेली असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा माती भरलेल्या, चेंगरलेल्या जखमांचे हजारो रुग्ण एकाच वेळी दवाखान्यांच्या दारात आले. अशा प्रसंगी एकदा बांधून तीन-चार दिवस सोडून देता येईल अशा पट्टीचे मोल कळते. दुसऱ्या टोकाला कच्चा माल आहे: नांदेडच्या मोंढ्यात येणारी हळद, लातूरच्या बाजारातले सोयाबीन, काळ्या रानातला कापूस, तुतीच्या बागा आणि अर्धापूरची केळी. ही दोन टोके जोडणारी वाट मात्र आखूड नाही. तिच्यावरचा प्रत्येक टप्पा समजून घेतल्याशिवाय ‘आपल्याकडे हळद आहे, रेशीम आहे, मग पट्टी का नाही’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

जखम भरणे ही शरीराने क्रमाने केलेली दुरुस्ती असते. आधी रक्त गोठते, मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मृत पेशी उचलतात, नंतर तांबडे, दाणेदार नवे मांस भरते आणि त्यावरून कडेच्या पेशी सरकत सरकत त्वचेचे पांघरूण घालतात. शेवटी महिनोन्‌महिने व्रणाची घडण चालू राहते. पेशी सरकण्यासाठी पृष्ठभाग ओला लागतो. जखम ‘मोकळी ठेवा, वाळू द्या’ हा सल्ला अजूनही घरोघरी दिला जातो. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगात पॉलिथिनच्या पातळ पडद्याखाली ओल्या राहिलेल्या जखमांवर त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने आली. खपली म्हणजे वाटेतला बांध. पेशींना तिच्याखालून खोल वळसा घालून जावे लागते. अडचण अशी की ओलावा आणि ऊब जंतूंनाही तितकीच मानवते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हे जंतू जखमेत घर करतात, स्वतःभोवती चिकट थर विणतात आणि त्या थराआड प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. जखमेला ओलावा द्यायचा, पण जंतूंना तिथे थारा मिळू द्यायचा नाही, असे हे दुहेरी काम आहे.

पट्टीचा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाला बांधायच्या बंधांचे चौदा प्रकार दिले आहेत आणि त्यासाठी कापूस, लोकर, रेशीम, तागाची वस्त्रे यांची नावे घेतली आहेत. युरोपात जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक ॲसिडने भिजवलेल्या पट्ट्यांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि पट्टी जंतूंशी लढू शकते हे वैद्यकाला पटू लागले. महाराष्ट्रातला याहून जवळचा वारसा मुंबईचा आहे. भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर लावून ड्रेसिंग तयार केले. त्याचा पहिला अहवाल १९८५ मध्ये आला. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरले आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. केळीचे पान मेणचट, थंड आणि न चिकटणारे. ते काढताना रुग्णाला फारसे दुखत नाही आणि खर्चही नगण्य. या दोन्ही प्रयोगांना नॅनो शब्दाची गरज पडली नाही. तरी नैसर्गिक द्रव्याची पट्टी गांभीर्याने तपासता येते, तुलनेने मोजता येते आणि गरीब रुग्णाच्या आवाक्यात ठेवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. अर्धापूरच्या केळीबागांतून बाजाराला जाताना या प्रयोगाची आठवण व्हावी, इतका तो मोलाचा आहे.

नॅनोतंतू किती बारीक असतो? माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रोमीटर, कोषातला रेशमाचा धागा त्याच्या आसपास. जंतूची रुंदी अर्धा ते एक मायक्रोमीटर. ड्रेसिंगसाठीचा नॅनोतंतू बहुधा ०.१ ते ०.५ मायक्रोमीटरचा, म्हणजे जंतूपेक्षाही बारीक. ०.२ मायक्रोमीटर जाडीचा तंतू धरला तर एक ग्रॅम द्रव्यातून सुमारे २४,००० किलोमीटर लांब सूत निघेल. नांदेड-मुंबई अशा जाऊन-येऊन वीस फेऱ्या होतील. त्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे १५ चौरस मीटर भरतो, तर कापसाच्या एका ग्रॅमचा चौरस मीटरच्या पाचव्या हिश्शाहून कमी. एवढ्या पृष्ठभागावर औषध पसरता येते आणि लस शोषली जाते. तंतूंमधली छिद्रे हवा आणि वाफ जाऊ देतात, पण दाट थरात ती इतकी वाकडीतिकडी असतात की जंतू अडतो. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या त्वचेखाली पेशींना धरून ठेवणारी कोलॅजेनची जाळी जवळपास याच जाडीच्या तंतूंची असते. त्यामुळे नव्या पेशींना ही पट्टी ओळखीच्या रानासारखी वाटते. त्या तिला धरून पुढे सरकतात.

असे सूत चरख्यावर निघत नाही. त्यासाठी विजेची ओढ लागते. या पद्धतीला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. द्रव्य योग्य द्रावकात विरघळवून पाकासारखे घट्ट केले जाते आणि सिरिंजमध्ये भरले जाते. सुईला साधारण १० ते २५ हजार व्होल्टचा दाब दिला जातो आणि दहा-वीस सेंटिमीटरवर धातूचा पत्रा किंवा फिरते नळकांडे ठेवले जाते. सुईच्या टोकावरचा थेंब विजेच्या ताणाने शंकूसारखा खेचला जातो. त्या टोकातून बारीक धार सुटते, हवेत चाबकासारखी वेगाने वळवळते, ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर पांढरी साय धरावी तसा तंतूंचा थर बसतो. अँटोन फॉर्महाल्स यांनी १९३४ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले, जेफ्री टेलर यांनी १९६० च्या दशकात त्या शंकूचे गणित मांडले आणि अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी १९९० च्या दशकात तिला नवे आयुष्य दिले. मधल्या काळात ती मुख्यतः हवा गाळणाऱ्या जाळ्यांपुरतीच राहिली होती.

हे यंत्र लहान महाविद्यालयालाही परवडू शकते, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणीही हे संशोधन करता येते. पण ते हवामानाला फार जपते. श्रावणातल्या दमट हवेत द्रावक वेळेवर उडत नाही. तंतूंवर मण्यांसारख्या गाठी येतात किंवा ते एकमेकांत विरघळून सपाट होतात. मराठवाड्याच्या कोरड्या वैशाखात उलटे घडते: थेंब सुईच्या तोंडाशीच वाळतो आणि धार बंद पडते. आर्द्रता नोंदवलेली नसेल तर जूनमधला प्रयोग ऑक्टोबरमध्ये पुन्हा तसाच होईल याची खात्री देता येत नाही. तासन्‌तास चालणाऱ्या कामात वीज मध्येच गेली तर थराची जाडी बिघडते ती वेगळीच.

द्रव्यांत रेशमाचा मान मोठा आहे. मराठवाड्यात तुतीची लागवड गेल्या काही वर्षांत चांगली रुजली आहे. शेतकरी कोष पूर्वी कर्नाटकातल्या रामनगरला नेत, आता जालन्यालाही त्यांची बाजारपेठ आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रेशीम संशोधनाचे स्वतंत्र केंद्र आहे. कोषाचा धागा फायब्रॉइन या प्रथिनाचा असतो आणि त्यावर सेरिसिन या डिंकासारख्या प्रथिनाचे आवरण असते. वजनाच्या वीस ते तीस टक्के हा डिंकच. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात कोष उकळले की तो सुटतो. उरलेले फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळवून, क्षार काढून, पुन्हा सूत काढता येते. ताजे तंतू पाण्यात विरघळतात. अल्कोहोलने धुतल्यावर प्रथिनाच्या साखळ्या घट्ट घड्या घालतात आणि मग ते पाण्याला दाद देत नाहीत. या कामाला लांब, अखंड धाग्याची गरज नसते. डागी किंवा फुटके कोष, जे रिळावर चढत नाहीत आणि ज्यांना भाव मिळत नाही, तेही चालतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने या साऱ्या विषयातली ही सर्वांत आशादायक बाब आहे.

सोयाबीनची गोष्ट लातूरला जवळची आहे. तेल काढल्यावर उरणारी पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात, ती बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तीत भरपूर प्रथिन असते. हार्वर्डमधील केविन किट पार्कर यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये सोयाप्रथिन आणि सेल्युलोज ॲसिटेट यांच्या मिश्र नॅनोतंतूंचे ड्रेसिंग मांडले. उंदरांच्या जखमा त्याखाली लवकर भरल्या. तिथे विजेऐवजी वेगाने फिरणाऱ्या भांड्यातून धार उडवली होती. माळेगावच्या यात्रेत ‘म्हातारीचे केस’ करणारे यंत्र ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व. कापसाच्या सेल्युलोजलाही याच कामात जागा आहे. नांदेडचे कापूस संशोधन केंद्र ‘एनएचएच ४४’ या संकरित वाणामुळे शेतकऱ्यांना परिचित आहे. सरकीवरच्या आखूड तंतूंपासून शुद्ध सेल्युलोज मिळते आणि मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नॅनोसेल्युलोजवर बराच काळ काम केले आहे.

कायटोसान समुद्राकडून येते. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचातले कायटिन तीव्र अल्कलीत उकळून ते तयार होते. रक्त थांबवण्याचा त्याचा गुण इतका भरवशाचा आहे की कायटोसानच्या पट्ट्या रणभूमीवर वापरल्या जातात, आणि भारतातही त्या बनतात. त्याचे सूत मात्र एकट्याने सहज निघत नाही. त्याच्या साखळ्यांवर धन भार असतो, द्रावण फार घट्ट होते आणि धार तुटते. म्हणून बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखा कृत्रिम सोबती मिसळावा लागतो. ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या अनेक पट्ट्यांत असा सोबती असतो आणि तो वेष्टनावर लिहिणे हे प्रामाणिकपणाचे काम आहे. जिलेटिनचे सूत सहज निघते, पण ते बहुधा गाईच्या किंवा डुकराच्या कातड्या-हाडांतून येते. माळकरी, लिंगायत, मुसलमान, शीख अशा सर्वांच्या या प्रदेशात जखमेवर काय बांधले जात आहे हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. बुरशीपासून मिळणारे कायटोसान आणि सोयाप्रथिन यांना यामुळेही महत्त्व येते.

आता जंतुरोधक घटक. कुणाच्याही घरी बोट कापले की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. रानात असेल तर एकदांडीचा, म्हणजे दगडी पाल्याचा, रस पिळला जातो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे करून ते आव्हानले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या विजयाचा अर्थ नीट समजला पाहिजे. हळदीचा हा उपयोग आधीपासून ज्ञात होता, एवढेच तिथे सिद्ध झाले. किती हळद, कोणत्या जखमेवर, किती दिवस, हे प्रश्न तसेच राहिले.

हळदीतला कर्क्युमिन हा पिवळा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात फिका पडतो आणि अल्कलीत लवकर मोडतो. जुनाट जखमेतला स्राव बहुधा अल्कलीधर्मीच असतो. डब्यातली हळद जखमेवर भुरभुरली तर तिच्यातले फारच थोडे कामी येते, आणि पुडीत धूळ-बुरशीचे बीजाणूही असू शकतात. तंतूत कोंडलेले कर्क्युमिन सुरक्षित राहते आणि हळूहळू सुटते. नॅनोतंतूंचे सर्वांत मोठे काम हेच, असे म्हणता येईल. वसमत आणि नांदेड परिसरातल्या हळकुंडांत कर्क्युमिनचे प्रमाण वाण, जमीन, शिजवण आणि साठवण यांप्रमाणे बदलते. पट्टीसाठी दर खेपेला ते मोजून घ्यावे लागते आणि भेसळीचा रंग नाही याची खात्री करावी लागते.

कायटोसान स्वतःही जंतुरोधक आहे. त्याचा धन भार जंतूच्या ऋण भाराच्या आवरणाला चिकटतो आणि ते फाडतो. पण हा भार आम्लात टिकतो. अल्कलीधर्मी जखमेत तो ओसरतो आणि प्रयोगशाळेतला प्रभाव तिथे कमी पडतो. चांदीचे नॅनोकण प्रबळ असतात, मात्र मात्रा थोडी वाढली की नव्या त्वचेच्या पेशीही मरतात. प्रतिजैविक भरलेली पट्टी पहिल्या काही तासांतच बहुतेक औषध सोडून देते आणि नंतर रेंगाळणारी अपुरी मात्रा जंतूंना प्रतिकार शिकवते. गाभ्यात औषध आणि वर दुसऱ्या द्रव्याचे कवच असा दुहेरी तंतू काढून हा ओघ आवरला जातो.

पट्टी काम करते हे दाखवण्याची नेहमीची रीत म्हणजे पेट्रीबशीत जंतू पेरून वर तिचा तुकडा ठेवणे आणि भोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजणे. छायाचित्रात ते वर्तुळ फार बोलके दिसते, पण फसवते. पाण्यात न विरघळणारे कर्क्युमिन आगरमध्ये, म्हणजे बशीतल्या जेलीत, पसरतच नाही, त्यामुळे चांगल्या पट्टीचे वर्तुळही लहान येते. शिवाय पेशी जिवंत आहेत की नाहीत हे रंगावरून मोजणाऱ्या चाचण्यांत कर्क्युमिनचा स्वतःचा पिवळा रंग आकडे बिघडवतो. म्हणून जिवंत जंतूंची प्रत्यक्ष मोजणी, त्यांच्या चिकट थरावरची चाचणी आणि माणसाच्या त्वचापेशींवरची विषारीपणाची चाचणी यांवाचून दावा पुरा होत नाही. त्यानंतर नीतिसमितीच्या परवानगीने प्राण्यांवरचे प्रयोग येतात. उंदराची सैल कातडी आकसून जखम मिटते, माणसाची मुख्यतः नव्या मांसाने भरते; उंदरावरच्या यशाला तेवढी वजावट द्यावी लागते.

निर्जंतुकीकरणावर अनेक चांगल्या पट्ट्या अडतात. १२१ अंशांच्या वाफेत जिलेटिनचे तंतू वितळून एकजीव होतात, म्हणून गॅमा किरणांचा मार्ग घेतला जातो. भारतात ही सोय तुर्भ्याच्या ‘आयसोमेड’ प्रकल्पापासून, १९७४ पासून, आहे. किरणांनीही साखळ्या तुटतात, तेव्हा मात्रा आणि तंतूची ताकद पुन्हा तपासावी लागते. एक सुई तासाला ग्रॅमभरही सूत काढत नाही. कारखान्यासाठी चेक प्रजासत्ताकात विकसित झालेल्या सुईविरहित यंत्रांसारखी साधने लागतात. विक्रीआधी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार परवाना लागतो. त्यात जोखमीप्रमाणे चार वर्ग आहेत आणि औषध मिसळले की वर्ग वर सरकतो, तपासण्या वाढतात. या टप्प्यांसाठी लागणारे जाणकार इथेच आहेत: नांदेडला गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्राचा विभाग आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात रसायन आणि जीवशास्त्राच्या शाखा आहेत, विष्णुपुरीला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सूत, रसायन, जंतू आणि रुग्ण यांचे जाणकार एका दिवसाच्या एसटी प्रवासात एकमेकांना भेटू शकतील, इतकी ही ठिकाणे जवळ आहेत.

वापरताना नॅनोतंतूंचा थर एकटा हाताळता येत नाही. तो सायीसारखा फाटतो. म्हणून तो सुती गॉजवरच उतरवला जातो: आत तंतू, बाहेर लस शोषणारा कापूस. तंतू जखमेवर राहून हळूहळू विरतात आणि बदलताना फक्त बाहेरची जाळी निघते. सडलेले मांस कापून काढल्याशिवाय, रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ही पट्टी बांधून उपयोग नाही. मधुमेहाच्या पायाला तर साखर आटोक्यात आणणे आणि तळव्यावरचा भार काढणे आधी लागते. रुग्णांवरच्या चाचणीत जखमेचे क्षेत्रफळ, जंतूंची संख्या, ड्रेसिंग किती वेळा बदलले आणि जखम किती दिवसांत मिटली हे नोंदवले जाते. त्यासोबत पट्टी काढताना किती दुखले, हे शून्य ते दहा या मापावर रुग्णालाच विचारले जाते आणि त्याच्या शब्दाप्रमाणे लिहून घेतले जाते.